आमच्यात येतेस का?



काशीगावातल्या एका वाचक मैत्रिणीचं चांगलं चार पानी पत्र आलं आहे. यंदा ती दहावी झाली आणि मुंबईच्या एका कॉलेजात अकरावीला तिचं नाव लागलं. तिच्याहून दोन वर्षांनी मोठी मावसबहीण अमेरिकेत असते, तीही याच वर्षी कॉलेजात जाते आहे. पण कॉलेजचा पहिला तास व्हायच्या आधीच त्या बहिणीची एक भलतीच परीक्षा सुरू झाली. रोज नवे कपडे, रोज वेगवेगळ्या घरांत जाऊन तिथल्या मुलींशी हसून बोलायचं, आणि शेवटी त्या मुली ठरवणार की हिला आपल्यात घ्यायचं की नाही! आपली मैत्रीण विचारते, "ताई, आपल्याकडेही कॉलेजात असं निवडतात का? आणि मला कुणी घेतलंच नाही तर?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता येईल. दुसऱ्यासाठी मात्र हे सगळं पान लागणार.

आधी ती अमेरिकेतली भानगड काय आहे ते बघू या. लॅटिन भाषेत 'सोरॉर' म्हणजे बहीण. त्यावरून 'सोरॉरिटी'. भगिनी मंडळ म्हणा हवं तर, पण आपल्या गल्लीतल्या भगिनी मंडळासारखं नव्हे. इथे वर्गणी भरली, संक्रांतीला तिळगूळ घेतला की झालात सभासद. तिथे निवड होते. १८५१ साली जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी, वेस्लियन कॉलेजात काही मुलींनी मिळून एक मंडळ काढलं. तेच आज 'अल्फा डेल्टा पाय' या ग्रीक अक्षरांच्या नावानं ओळखलं जातं. मुलीनं कॉलेजात जाणं हीच तेव्हा नवलाई होती. आपल्याकडे जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली त्याला तेव्हा कुठे तीन वर्षं झाली होती. अशा काळात घरापासून लांब आलेल्या चार मुलींनी एकमेकींना धरून राहावं, यात नवल काय? सुरुवात झाली ती अशी.

पुढे मंडळं वाढली, त्यांची मोठमोठी घरं झाली. एका घरात पन्नास-साठ मुली राहतात. आणि घर म्हटलं की दार आलं, दार म्हटलं की कोण आत आणि कोण बाहेर हे आलंच. तर होतं काय, ऑगस्टमध्ये कॉलेज उघडताना नव्या मुली सगळ्या घरांत फिरतात. दर घरात थोडा वेळ गप्पा. गाव कुठलं, शिकायचं काय, आवडतं काय. मग मुलगी आपल्या पसंतीची घरं क्रमानं लिहिते, आणि घरंही आपल्या पसंतीच्या मुली क्रमानं लिहितात. दोन्ही याद्या जुळवल्या जातात. दुसऱ्या दिवशी कमी घरांचं बोलावणं, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. शेवटच्या दिवशी हातात एक बंद पाकीट. अलाबामा विद्यापीठात दरवर्षी दोन हजारांहून जास्त मुली यातून जातात. फुटबॉलच्या मैदानात बसून सगळ्या एकदम पाकिटं फोडतात आणि आपापल्या घराकडे किंचाळत पळत सुटतात! २०२१ साली त्यांचे व्हिडिओ टिकटॉकवर इतके पसरले की जगभरातले लोक त्यांच्या कपड्यांवर चर्चा करत बसले. आपल्याकडे टिकटॉक त्याआधीच, २०२० साली बंद झालं होतं, तरी ते इथवर पोचलेच.

तुम्ही म्हणाल, हे तर आपल्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासारखंच झालं! आपणही पसंतीक्रम भरतो, यादीची वाट बघतो. पण एक फरक आहे, आणि तो बारीक नाही. आपल्या यादीत कट-ऑफ असतो. दोन मार्कांनी हुकलं तर वाईट वाटतं, पण का हुकलं ते कळतं. तिथे पाकीट आलं नाही तर का आलं नाही, ते कुणी सांगत नाही.

आणि न सांगण्याच्या आड काय काय लपू शकतं पाहा. याच अलाबामा विद्यापीठात सप्टेंबर २०१३ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रानं, 'क्रिमझन व्हाइट'नं, एक बातमी छापली. एका कृष्णवर्णीय मुलीला उत्तम गुण असूनही गोऱ्या मुलींच्या सोरॉरिट्यांनी घेतलं नव्हतं. त्यातल्या काही मुलींना ती हवी होती. नको म्हणणाऱ्या होत्या त्यांच्या जुन्या, शिकून बाहेर पडलेल्या सभासद बायका. बातमी छापून आल्यावर एवढा गदारोळ उठला की विद्यापीठाला दारं पुन्हा उघडायला लावावी लागली आणि त्याच वर्षी काही कृष्णवर्णीय मुली आत गेल्या. लक्षात घ्या, साल १८१३ नाही, २०१३!

त्याच्या कितीतरी आधी, १९०८ साली, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी दुसऱ्यांच्या दारात उभं न राहता स्वतःचं 'अल्फा कॅपा अल्फा' मंडळ काढलं होतं. अमेरिकेच्या उपाध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस कॉलेजात असताना याच मंडळाच्या सभासद झाल्या.

आता काशीगावला येऊ. आपल्याकडे अशी घरं नाहीत, पाकिटंही नाहीत. पण निवड आहे, आणि तुम्ही ती लहानपणापासून खेळत आला आहात. लगोरीला गडी वाटून घेताना दोन कॅप्टन उभे राहतात आणि एकेक नाव पुकारत जातात. शेवटपर्यंत नाव न आलेल्याच्या पोटात काय होतं ते ज्याचं त्याला माहीत. फारच लहान असलं पोर तर 'लिंबू-टिंबू'. म्हणजे खेळायचं, पळायचं, पण बाद झालं तरी मोजायचं नाही. कॉलेजातलं पहिलं वर्ष बरंचसं लिंबू-टिंबूचंच असतं बरं का!

पण काशीगावच्या मुलीला पहिल्यांदा आपल्यात घेणारा ग्रुप बहुतेक कॉलेजात भेटतच नाही. तो भेटतो लोकलच्या बायकांच्या डब्यात.

हसू नका. काशिमिऱ्याच्या नाक्यावरून बस नाहीतर रिक्षा करून मीरारोड स्टेशन गाठायचं आणि सकाळच्या गर्दीत विरारहून भरून आलेल्या गाडीत शिरायचं, ही पहिली प्रवेश परीक्षा. आत गेल्यावर दिसतं की प्रत्येक कोपऱ्यात एकेक ग्रुप आहे. यांची जागा ठरलेली, हाका मारायची पद्धत ठरलेली. कुणी मटार सोलतंय, कुणी कालची आमटी कशी बिघडली ते सांगतंय, नवरात्रात सगळ्या एका रंगाच्या साड्यांत, संक्रांतीनंतर चालत्या गाडीत हळदीकुंकू. १९९२ च्या मे महिन्यात चर्चगेट-बोरिवली अशी खास बायकांची लोकल सुरू झाली, तेव्हा एका डब्यातलं हे जग अख्ख्या गाडीत पसरलं. नव्या मुलीला पहिल्या दिवशी तिथे कुणी विचारत नाही. ती दाराशी उभी. आठ दिवसांनी कुणीतरी नुसतं विचारतं, "कुठे उतरणार?" महिन्याभरानं चौथी सीट मिळते, म्हणजे अर्धं बूड टेकण्यापुरती. मग एक दिवस तुम्ही दिसला नाहीत की दुसऱ्या दिवशी, "काल कुठे होतीस गं?" झालं! तुम्ही ग्रुपमध्ये आलात. अर्ज नाही, मुलाखत नाही, तुमच्या कपड्यांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. रोज त्याच गाडीला आलात, एवढंच.

मला ही निवडीची सगळ्यात उत्तम रीत वाटते. तिला वेळ लागतो, हा तिचा एकच दोष.

कॉलेजात मात्र घाई असते. पहिल्या महिन्यातच नोटीस बोर्डावर कागद लागतात, मोबाइलवर निरोप फिरतात, जिन्यापाशी टेबल टाकून सिनियर बसतात. एनसीसी, एनएसएस, नाट्यमंडळ, वाङ्मय मंडळ, फेस्टिव्हलची टीम. मुंबईत झेवियर्सचा 'मल्हार' १९७९ पासून आणि पवईच्या आयआयटीचा 'मूड इंडिगो' १९७१ पासून चालू आहे. अशा ठिकाणी दुसऱ्या कॉलेजांतून टोळ्या उतरतात, आणि त्या टोळीत कोण जाणार हे तिचा म्होरक्या ठरवतो. अकरावीच्या मुलीला तो म्होरक्या प्रिन्सिपॉलपेक्षा मोठा वाटतो.

यातली प्रत्येक निवड वेगळी असते. एनसीसीचंच घ्या. १९४८ साली ती सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. तिथे उंची मोजतात, पळायला लावतात, दोन प्रश्न विचारतात. घेतलं नाही तर का घेतलं नाही ते तुम्हाला ठाऊक असतं, आणि घेतलं तर पुढे काय करायचं तेही छापलेलं असतं. दोन वर्षांनी 'बी' सर्टिफिकेट, तिसऱ्या वर्षानंतर 'सी', आणि परेडला पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. कितीही गोड बोललात तरी नाही! एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तिथे दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. खेड्यात जाऊन बंधारा घालायला माणसं हवीच असतात, त्यामुळे तिथे टिकाव-घमेलं धरायची तयारी असली की फारसं कुणी अडवत नाही. बुजऱ्या मुलांनी पहिली पायरी म्हणून इकडे जावं, असं माझं मत आहे. सात दिवस एका शाळेच्या व्हरांड्यात झोपून, एका पातेल्यातली खिचडी खाल्ल्यावर ओळख करून घ्यावी लागत नाही.

नाटकाची गोष्ट निराळी. तिथे निवड डोळ्यांनी आणि कानांनी होते. पुण्याला महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक स्पर्धा घेते. मुंबईकडे आयएनटीची स्पर्धा आहे, आणि २५ जानेवारीच्या रात्री रंगणारी चतुरंगची 'सवाई'. एका एकांकिकेत पात्रं किती? पाच, सात, फार तर दहा. ऑडिशनला मुलं शंभर आली तर नव्वद घरी जाणारच. हे गणित आहे, तुमच्याबद्दलचं मत नव्हे. शिवाय पहिल्या वर्षी बहुतेकांच्या वाट्याला येतं ते बॅकस्टेज. लेव्हल उचला, कपड्यांना इस्त्री करा, प्रयोगाच्या दिवशी चहा आणा, आणि बक्षीस जाहीर होताना 'आव्वाज कुणाचा' असं घसा फाटेस्तोवर ओरडा.

आता इथे नीट लक्ष द्या. काम सांगणं आणि राबवून घेणं यांत फरक असतो, आणि तो ओळखायला फार अक्कल लागत नाही. तालीम संपल्यावर सतरंज्या कोण गोळा करतं ते बघा. सगळे मिळून करत असतील, दिग्दर्शकसुद्धा एक टोक धरत असेल, तर खुशाल राहा. सिनियर दादा-ताई कट्ट्यावर बसून हसताहेत आणि अकरावीची पोरं एकटी घडी घालताहेत, तर दुसऱ्या दिवशीही तसंच दिसतंय का ते पाहा. तिसऱ्या दिवशी मग ठरवायला हरकत नाही.

आणि काही गोष्टी पाहत बसायच्याच नसतात. "आमच्यात यायचंय ना? मग त्या सरांच्या समोर जाऊन नाच." "त्या मुलाला जाऊन अमुक म्हण." "आजपासून हिच्याशी बोलायचं नाही." याला गंमत म्हणतात, परंपरा म्हणतात, 'सगळ्यांनी केलंय' म्हणतात. कायद्यात याला रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा आहे. नुसती मारहाणच नव्हे, तर विद्यार्थ्याला भीती, लाज किंवा संकोच वाटेल असं वागणं, आणि तो एरवी आपल्या खुशीनं करणार नाही असं काही त्याला करायला लावणं, हेही त्यात धरलं आहे. 'आपल्या खुशीनं' हे शब्द पाठ करून ठेवा. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, कॉलेजातून काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसरीकडे कुठे प्रवेश मिळत नाही. तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. त्यांनी कानाडोळा केला तर तोही कायद्याच्या नजरेत दोषच.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा सिनियरांच्या मारहाणीत गेला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे कडक नियम आले आणि देशभरासाठी १८००-१८०-५५२२ हा फुकट फोन सुरू झाला. पदवीला गेलात की दरवर्षी तुमच्याकडून आणि आईबाबांकडून रॅगिंग न करण्याचं हमीपत्र भरून घेतात, ते याच नियमांमुळे. आईबाबा हे पान वाचत असतील तर त्यांना सांगते, त्यावर नुसती सही करू नका, आधी वाचा.

आईबाबांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आपल्या मैत्रिणीच्या पत्रात एक ओळ अशी आहे: "नाटकात घेतलं तरी बाबा पाठवतील असं वाटत नाही." म्हणजे बघा, सिनियरांनी निवडायच्या आधीच घरातली यादी लागलेली! बाबांचंही अगदीच चूक नाही. तालीम आठला संपली तर मीरारोडला उतरायला साडेनऊ-दहा, पुढे काशीगावपर्यंत रिक्षा. दादरला राहणाऱ्या मुलीला जे सहज जमतं त्याला इथे रोज दोन तास जास्त मोजावे लागतात. यावर रडून उपयोग नाही आणि खोटं बोलून तर मुळीच नाही. 'एक्स्ट्रा लेक्चर आहे' असं सांगून तालमीला गेलेली मुलगी अडचणीत सापडली तर मदतीसाठी घरी फोन करायलाही कचरते, हे सगळ्यात वाईट. त्यापेक्षा तालमींचं वेळापत्रक मागून घ्या. मंडळाच्या प्रभारी सरांचा किंवा बाईंचा फोन नंबर घरी द्या. त्याच बाजूला राहणारं आणखी कोण आहे ते शोधा. भाईंदर, नायगाव, वसई, कुणी ना कुणी असतंच, आणि दोघी-तिघी बरोबर असल्या की आईबाबांचा आवाज निम्म्यानं खाली येतो. रेल्वे पोलिसांचा १५१२ हा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा. आणि सरळ विचारा, 'मला लांबून यायचं आहे, साडेसहाला निघाले तर चालेल का?' ज्या ग्रुपला खरंच माणूस हवा असतो तो म्हणतो, 'तुझे प्रवेश आधी घेऊ.' ज्याला नुसती गर्दी हवी असते तो म्हणतो, 'मग कशाला येतेस?' उत्तर काहीही येवो, तुमचा एक महिना वाचला.

आणि घेतलंच नाही तर?

तर वाईट वाटणार. 'त्यात काय एवढं' असं मी म्हणणार नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यात बरंच काही असतं. दोन-चार दिवस ती पोरं कॅन्टीनमध्ये हसताना दिसली की ती आपल्यालाच हसताहेत असं वाटतं. बहुधा ती वड्याला आज मीठ कमी म्हणून हसत असतात. निवडणाऱ्यांनाही फार कळतं असं समजू नका. तुमच्याहून दोन वर्षांनी मोठी पोरं ती, त्यांनाही कुणीतरी कधीतरी नाकारलेलंच असतं. २०२२ साली पुरुषोत्तम करंडकाच्या महाअंतिम फेरीत तर परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नाही! महिनोन्‌महिने राबलेली, फेऱ्या जिंकत तिथवर आलेली कॉलेजं, आणि करंडक कुणालाच नाही. किती वाद झाला! आणि पुढच्या वर्षी कॉलेजांनी पुन्हा नाटकं बसवलीच.

न घेतल्यावर करायची एक गोष्ट मात्र सांगते. जाऊन विचारा, का घेतलं नाही. भांडायला नव्हे, नीट विचारा. आवाज कमी पडला, उच्चार नीट नाहीत, जागाच संपल्या, असं काहीतरी उत्तर मिळालं तर ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या जुलैत उपयोगी पडेल. उत्तर टाळलं, नाहीतर तुमच्या भाषेवरून, कपड्यांवरून, 'इतक्या लांबून येतेस' यावरून काही सुचवलं, तर तो कागद बोर्डावर कुणाच्या सहीनं लागला होता ते बघा आणि त्या सरांकडे जा. आणि मनासारखं मंडळ नसेलच, तर चार जणी गोळा करून कॉलेजकडे अर्ज करता येतो. अनेक कॉलेजांतली भित्तिपत्रकं, गिर्यारोहणाचे ग्रुप असेच कुणीतरी कधीतरी सुरू केलेले आहेत.

काशीगावच्या मैत्रिणीला हे सगळं पत्रानं आधीच कळवलं आहे. तिची ऑडिशन पुढच्या गुरुवारी आहे. बाबांनी सात वाजेपर्यंतची परवानगी दिली आहे.

तुमच्यापैकी जे यंदा कॉलेजात गेले आहेत त्यांनी मला एवढंच लिहून पाठवा: तुम्हाला सिनियरांनी पहिला प्रश्न कुठला विचारला, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत? मजेशीर उत्तरं याच पानावर छापू. नाव छापायचं नसेल तर तसं पत्रात लिहा.

— तुमची ताई